टाइम लूपमध्ये अडकलेली नायिका नेमकं काय काय सोडवू शकते?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी एक लघुकादंबरी लिहितेय, नायिका गणितज्ञ आहे. पहिल्या मसुद्यात ती एकाच दिवसात अडकते, रोज सकाळी जग होतं तसं होतं, फक्त तिची आठवण शिल्लक राहते. दुसऱ्या मसुद्यात लूप नाही, तिला उद्याच्या स्वतःकडून चिठ्ठी येते. दोन्हीत तिला एनपी-कम्प्लीट प्रॉब्लेम सोडवायचाय. हे चालेल का, दोन्ही एकच आहे का, आणि असं झालं तर पी बरोबर एनपी सिद्ध झालं असं तिनं म्हणावं का?

मी बरीच वर्षं कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कुठला प्रॉब्लेम सोडवायला किती वेळ आणि मेमरी लागते याचा अभ्यास, शिकवतोय आणि हा माझा अतिशय आवडता विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

शेवटचं आधी उरकतो. नाही, पी बरोबर एनपी सिद्ध होत नाही, तिच्या तोंडी ते वाक्य प्लीज घालू नका. पी म्हणजे झटपट सुटणारे प्रॉब्लेम, एनपी म्हणजे उत्तर हातात आलं तर ते झटपट तपासता येतं असे, आणि एनपी-कम्प्लीट म्हणजे एनपीतले सगळ्यात अवघड. या साध्या मशीनबद्दलच्या व्याख्या आहेत, त्यात लूप नाही, भविष्यातली चिठ्ठी नाही. तिच्याकडे जे आहे ते वेगळंच मशीन आहे आणि त्या मशीनचा स्वतःचा वेगळा क्लास, म्हणजे त्यावर सुटणाऱ्या प्रॉब्लेमचा गट, आहे. गणितज्ञ बाई ही चूक करणार नाही, आणि जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

आता मुख्य भाग. टाइम ट्रॅव्हलची कुठलीही गोष्ट समोर आली की मी दोनच गोष्टी बघतो: काळाच्या पलीकडून नेमकी किती माहिती येते, आणि शोधाशोध कोण करतं. किती वर्षं मागे गेले, यंत्र कसं दिसतं, यानं काहीही फरक पडत नाही. तुमच्या दोन मसुद्यांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सारखं आहे पण दुसऱ्याचं अगदी उलटं, आणि गोष्ट म्हणून सगळी गंमत तिथेच आहे.

पहिला मसुदा घेऊ. समजा तिच्यासमोर ४० चलांचा सॅट हा एनपी-कम्प्लीट प्रॉब्लेम आहे, म्हणजे ४० हो-नाही स्विच आणि त्यांच्यावर अटींची यादी, सगळ्या अटी एकदम पाळणारी मांडणी आहे का ते शोधायचं. एकूण मांडण्या २ चा ४० वा घात, साधारण १.१ लाख कोटी. रोज हातानं एक तपासली तर ३०० कोटी वर्षं, ऐकायला भारी वाटतं, पण तिच्या टेबलावर लॅपटॉप आहे आणि तो सेकंदाला १०० कोटी मांडण्या तपासतो असं धरलं तर हे काम १८ मिनिटांत संपतं, लूपची गरजच नाही! म्हणून प्रॉब्लेमचा आकडा विचार करून निवडा. ८० चल घ्या. आता मांडण्या १.२ गुणिले १० चा २४ वा घात, लॅपटॉप दिवसभर चालवला तरी ८६ लाख कोटीच होतात, म्हणजे सुमारे १४०० कोटी दिवस लागतील, ३.८ कोटी वर्षं. ८१ चल केले की दुप्पट. (सगळ्या मांडण्या एकेक करून बघण्यापेक्षा हुशार पद्धती आहेत आणि त्या पुष्कळदा खूप पुढे नेतात, पण अगदी वाईट केसला सॅटसाठी एक्स्पोनेन्शियलच्या, म्हणजे चल वाढले की पटीपटीनं वाढणाऱ्या वेळेच्या, खाली येणारी पद्धत कुणाला माहीत नाही.)

आणि या ३.८ कोटी वर्षांत तिला लक्षात काय ठेवावं लागतं बघा. लॅपटॉपही रोज कोरा होतो, त्यामुळे प्रोग्राम पाठ हवा, रोज सकाळी उठून तोच टाइप करायचा. अटींची यादी पाठ करायची गरज नाही, ती टेबलावरच्या कागदावर रोज असतेच. आणि आज कितवा दिवस, हा एक ११ आकडी नंबर. बस. त्या नंबरवरून आजचा तुकडा कुठून सुरू करायचा ते कळतं. बाकी सगळं ती विसरू शकते, नव्हे विसरायलाच हवं, कारण मेंदू रोज तेवढाच आहे, त्यात ३.८ कोटी वर्षांच्या आठवणी मावणार नाहीत. अशा गोष्टी लिहिणारे बहुतेक जण आठवणी साठत जातात असं धरतात, पियानो येतो, पाच भाषा येतात. खरं गणित उलटं सांगतं: वेळ अमर्याद आहे, जागा मर्यादित आहे, म्हणून जुनं खोडून नवं लिहायचं. आपल्या क्षेत्रात याला पीस्पेस म्हणतात, म्हणजे पॉलिनोमियल (प्रॉब्लेमच्या आकाराच्या मानानं आटोक्यात राहणाऱ्या) मेमरीत सुटणारे सगळे प्रॉब्लेम, वेळ कितीही लागो. तुमच्या नायिकेची ताकद बरोबर पीस्पेस एवढी आहे.

एनपी हा पीस्पेसच्या आत बसतो, आणि पीस्पेस त्याच्याहून खूप मोठा आहे असा जवळपास सगळ्यांचा विश्वास आहे, जरी पी आणि पीस्पेस वेगळे आहेत एवढंही अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. म्हणून मी तर म्हणेन की तिला सॅट देऊन तुम्ही तिला हलकं काम दिलंय. तिला बुद्धिबळासारखा खेळ द्या, मोठ्या पटाचा, चालींना मर्यादा घातलेला, आणि विचारा की पहिला खेळाडू हमखास जिंकतो का. सॅटमध्ये उत्तर सापडलं की ते दाखवता येतं, कुणीही दोन मिनिटांत तपासून घेईल. इथे दाखवायला तसं काही नसतं, कारण "मी ही चाल केली तर तो काहीही करो, मग माझ्याकडे अशी चाल आहे की तो काहीही करो..." असं आत आत जात राहतं. ६० चालींचा खेळ आणि दर वेळी ४० पर्याय धरले तर शक्यता होतात १ वर ९६ शून्यं, पण लक्षात ठेवायला लागतात फक्त ६० छोटे आकडे: प्रत्येक पायरीवर सध्या कितवा पर्याय चालू आहे, आणि त्या पायरीवर आतापर्यंत काय निकाल लागलाय. आणि शेवटी ती बाहेर येऊन सांगेल की पहिला जिंकतो, तर ते पटवणार कसं? तिच्याकडे पुरावा म्हणून द्यायला काहीच नाही, कोट्यवधी वर्षांचं काम आणि हातात एकच हो. मला हे सॅटपेक्षा कितीतरी जास्त कादंबरीसारखं वाटतं.

या मसुद्यात एक धोका आहे तो वापरा. जग रोज तंतोतंत तसंच सुरू होतं. एखाद्या सकाळी तिचा मेंदूही पूर्वीच्या एखाद्या सकाळसारखाच्या तसा झाला, तर पुढचा दिवस तसाच जाणार, त्याच्या पुढचाही, आणि ती कायमची त्या चक्रात फिरत राहणार, कळणारही नाही. मेमरी एस बिटची असेल तर वेगळे दिवस जास्तीत जास्त २ चा एस घात एवढेच. म्हणजे तो दिवसाचा आकडा एक चुकला, मागचा आठवला, की संपलं. शिवाय लूप सुटतो कधी हे ठरवा. "उत्तर सापडलं की सुटतो" एवढंच ठेवलंत आणि उत्तर मुळात नसलं, तर ती सगळ्या मांडण्या संपवूनही आतच राहते. सुटायची किल्ली तिच्या हातात हवी.

आठवणही राहत नाही असा लूप केला तर? पूर्ण ठरलेल्या जगात काहीच होत नाही, तोच दिवस अनंत वेळा. पण दिवसात थोडा खरा योगायोग असेल, ती रोज नाणी उडवून एक मांडणी निवडत असेल, आणि चुकली की दिवस पुसला जात असेल, तर बाहेरच्यांना दिसतो तो एकच दिवस, ज्यात तिनं पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर निवडलं. याला पोस्टसिलेक्शन म्हणतात. क्वांटम कॉम्प्युटरला ही सोय दिली तर त्याची ताकद पीपी नावाच्या क्लासएवढी होते, हे संगणकशास्त्रज्ञ स्कॉट ॲरनसन यांनी दाखवलंय. पीपी हा एनपीला पोटात घेतो आणि स्वतः पीस्पेसच्या आत राहतो.

आता चिठ्ठी. इथे मी सॅट बाजूला ठेवतो आणि तीन आकडी नंबरचं कुलूप घेतो, कारण सगळी यंत्रणा त्यात डोळ्यांनी दिसते. कोड ४१७ आहे, तिला माहीत नाही. तिनं स्वतःशी नियम ठरवलाय: उद्याकडून जो आकडा येईल तो लावून बघायचा, कुलूप उघडलं तर तोच आकडा कालच्या स्वतःला पाठवायचा, नाही उघडलं तर एक मिळवून पाठवायचा, ९९९ नंतर ०००. समजा चिठ्ठीत ४१८ आला. उघडत नाही, म्हणून ती ४१९ पाठवते. पण काल तर ४१८ आला होता! म्हणजे हा इतिहास घडूच शकत नाही. असं ४१७ सोडून प्रत्येक आकड्याचं होतं. आला तोच गेला, हे फक्त ४१७ ला जमतं. म्हणून ती चिठ्ठी उघडते आणि आत ४१७ असतो. तिनं एकच आकडा तपासला, एकच चिठ्ठी लिहिली. हजार आकडे कुणी तपासले? तिनं नाही. इतिहास स्वतःशी जुळला पाहिजे या अटीनंच ते काम केलं. कुलपाच्या जागी ८० चलांचा सॅट ठेवा, तिचं काम तेवढंच राहतं. भौतिकशास्त्रज्ञ टॉड ब्रन यांनी २००३ मध्ये अशाच युक्तीनं अवघड प्रॉब्लेम पटकन सुटतील असं मांडलं होतं.

पण कुलूप बिघडलेलं असेल, कुठलाच कोड चालत नसेल तर? मग प्रत्येक आकड्यानंतर पुढचा, गोल गोल, आला तोच गेला असं एकही ठिकाण नाही. आजोबांना मारणाऱ्या नातवाचा जुना पेच तो हाच: भूतकाळात जाऊन आजोबांना मारलं तर नातू जन्मतच नाही, मग मारलं कुणी? याच्यावरचा मला सगळ्यात सुंदर वाटणारा तोडगा भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांचा, १९९१ चा. ते म्हणतात की आकडा जुळायची सक्ती करू नका, शक्यता जुळू द्या. नातू अर्ध्या शक्यतेनं जन्मतो, जन्मला तर आजोबांना मारतो, म्हणून अर्ध्या शक्यतेनंच जन्मतो, जुळलं. बिघडलेल्या कुलपाच्या बाबतीत हजारही आकडे सारख्या शक्यतेनं येतात, एक मिळवल्यावरही वाटणी तीच राहते. तिला कुठला तरी आकडा येतो, ती लावून बघते, उघडत नाही, आणि एवढ्यावरून तिला कळतं की हे कुलूप उघडणारच नाही, कारण कोड असता तर तोच आला असता. हा प्रसंग तुम्ही लिहाच. एका चुकीच्या आकड्यावरून हजार आकड्यांबद्दल खात्री.

याच्या पुढे २००९ मध्ये ॲरनसन आणि जॉन वॉट्रस यांचा पेपर प्रसिद्ध झाला आणि त्यानं या विषयाचा निकालच लावला. डॉइचच्या नियमानं चालणाऱ्या लूपची ताकद बरोबर पीस्पेस आहे, आणि साधा कॉम्प्युटर असो की क्वांटम, ती तेवढीच राहते. कसं ते थोडक्यात सांगतो. चिठ्ठीत आकड्याऐवजी एखाद्या लांबलचक गणनेची "सध्याची अवस्था" लिहायची, शेजारी एक बिट, हो किंवा नाही. तिचा नियम: आलेल्या अवस्थेवरून गणना एक पायरी पुढे न्यायची, बिट तसाच ठेवायचा. गणना संपलीच असेल तर निकालाप्रमाणे बिट लिहायचा आणि अवस्था पुन्हा पहिल्यापासून. आता स्वतःशी जुळणारी शक्यतांची वाटणी एकच उरते: सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या सगळ्या अवस्था सारख्या शक्यतेनं, आणि प्रत्येकीच्या शेजारी बरोबर बिट. तिला मधलीच कुठली तरी अवस्था मिळते, जी तिच्या कामाची नाही, पण बिट बरोबर असतो. एक पायरी चालून तिला कोट्यवधी वर्षांच्या गणनेचं उत्तर मिळालं. म्हणजे तुमचे दोन्ही मसुदे एकाच जागी, पीस्पेसवर, येऊन पोचतात. एकीकडे तिनं प्रत्येक दिवस स्वतः जगून किंमत मोजली, दुसरीकडे कुणीच मोजली नाही. (चिठ्ठीच्या लांबीला मर्यादाच ठेवली नाही तर हॉल्टिंग प्रॉब्लेमही, म्हणजे एखादा प्रोग्राम कधी थांबेल की नाही हे सांगणं, सुटतो, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं, पण तेवढं तुमच्या गोष्टीला नको.)

चिठ्ठी लांब असण्याचीही गरज नाही, आणि हे मला लिहिणाऱ्यांनी वापरावं असं फार वाटतं. फक्त एक बिट येऊ दे, दिवा लागलेला किंवा विझलेला. ती आपल्या मनानं एक तीन आकडी नंबर निवडते, लावते. उघडलं तर "लागलेला" पाठवायचा. नाही उघडलं तर लाखात एक वेळा "विझलेला" पाठवायचा, बाकी वेळा जे आलं तेच. कोड असेल तर दिवा लागण्याकडे ढकलणारा जोर हजारात एक, विझण्याकडे लाखात एक, म्हणजे शंभरास एक, त्यामुळे डॉइचच्या हिशोबात दिवा ९९ टक्के लागलेला दिसणार. कोड नसेल तर लावणारं कुणीच नाही, दिवा विझलेला. कोड कुठला ते कळत नाही, आहे की नाही एवढं कळतं, आणि एनपीसाठी तेवढं पुरतं. कोडचे आकडे एकेक करून विचारता येतात, त्यासाठी अशी चिठ्ठी पुन्हा पुन्हा हवी.

मग शून्यातून आलेली प्रमेयं. भविष्यातून सिद्धता येते, नायक ती उतरवून घेतो, छापतो, म्हातारपणी मागे पाठवतो, मग ती सुचली कुणाला? डॉइच यांना हा प्रकार आजोबांच्या पेचापेक्षा जास्त खटकला, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. कॉम्प्लेक्सिटीच्या बाजूनं बघितलं तर दोष स्पष्ट दिसतो: नियम "आलं तेच पाठव" असा आहे. मग कोरा कागदही जुळतो, चुकीची सिद्धताही जुळते, काहीही जुळतं. बरोबर सिद्धताच यावी असा कुठलाच जोर त्यात नाही. तो जोर यायचा तर तपासणी हवी, "चुकीची असेल तर बदलून पाठव" असा नियम हवा, आणि एकदा तो आला की लूपनं शोध केला असं म्हणायला जागा राहते. म्हणून तुमच्या नायिकेचं तपासणं हाच खरा पराक्रम आहे. तिनं एकदा जरी आळस केला, न तपासता पुढे ढकललं, तर सगळी ताकद गेली.

इथून चिठ्ठीच्या मसुद्यातली सगळ्यात मोठी अडचण येते. इतिहास जुळलाच पाहिजे, पण कसा जुळावा हे तिच्या हातात नाही. समजा दहा लाखांत एकदा तिच्याकडून एक मिळवायचं राहून जातं, आला तोच आकडा चुकून परत जातो. हासुद्धा जुळणारा इतिहास आहे! आता भौतिकशास्त्रज्ञ सेथ लॉइड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या मॉडेलसारखा विचार करा, म्हणजे सगळे आकडे आधी सारख्या शक्यतेचे, त्यातले न जुळणारे इतिहास गाळून टाकायचे. तीन आकडी कुलपाला बरोबर कोडचं वजन हजारात एक, चुकीचं दहा लाखांत एक, कोडच जिंकतो. पण कोड २० आकडी केला तर बरोबर कोडचं वजन १० चा २० वा घात इतक्यात एक, आणि चूक अजूनही दहा लाखांत एक. म्हणजे चूक होण्याची शक्यता १०० लाख कोटी पट जास्त. प्रश्न जितका अवघड, तितकं जगाला उत्तर देण्यापेक्षा तिचा हात चुकवणं, वीज घालवणं, चिठ्ठी हरवणं सोपं पडतं. आणि कुलूप मुळातच बिघडलेलं असेल तर या मॉडेलमध्ये अपघात होणारच, दुसरा जुळणारा इतिहासच नाही. यात अद्भुत काही घालावं लागत नाही, निव्वळ भागाकार आहे, आणि माणसाला अंगावर काटा येईल इतका तो चोख आहे.

प्रत्येक वेळी मागे गेलं की नवीन फांदी फुटते अशा गोष्टींबद्दल फार बोलत नाही, कारण हिशोब पहिल्या मसुद्यासारखाच आहे, फक्त एका बाईच्या दिवसांऐवजी एकापुढे एक जगं, प्रत्येक जग आपला तुकडा तपासून पुढच्याला नंबर देतं. उत्तर शेवटच्या जगाला मिळतं, आधीच्यांना काही नाही. भौतिकशास्त्र काय म्हणतं विचाराल तर कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर दाखवलं ज्यात काळाच्या बंद वाटा, म्हणजे पुढे जात जात आपल्याच भूतकाळात पोचवणाऱ्या वाटा, आहेत, आणि हॉकिंग यांनी १९९२ मध्ये अशा वाटा निसर्ग होऊच देत नसावा असा अंदाज मांडला. तो प्रश्न अजून उघडा आहे, तुम्हाला लिहायला मोकळीक आहे.

तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही मसुदे ठेवले असते, एकत्र. आधी चिठ्ठ्या. छोटे प्रॉब्लेम, चिठ्ठी बरोबर उत्तर देते, तिचा विश्वास बसतो. मग ती चल वाढवत जाते, आणि साधारण २० चलांच्या आसपास गडबड सुरू होते, कारण २ चा २० वा घात म्हणजेच दहा लाख, तिच्या हातून होणाऱ्या चुकीच्या शक्यतेएवढे. पेन अडखळतं, बेरीज चुकते, कुणीतरी नेमकं त्याच क्षणी दार वाजवतं. तिला गणित येतं, त्यामुळे तिला हे वाचकाच्या आधी कळायला हवं, आणि ती स्वतःची चुकीची शक्यता कमी करायच्या मागे लागते, प्रत्येक बेरीज तीनदा तपासते, दोन मशीनवर चालवते. तसं केलं की तिला आणखी थोडे चल परवडतात, किती ते ती वहीत मांडून दाखवू शकते. आणि ते कुठेतरी संपतं तिथे लूपचा दिवस सुरू करा, जिथे चुकीला माफी आहे पण प्रत्येक मांडणी तिची तिलाच तपासायची आहे. तिथे पहिल्या सकाळी तिनं ८० चलांचा कागद उचलला की लगेच प्रोग्राम टाइप करायला बसवू नका, आधी तिला १४०० कोटींचा भागाकार करू द्या.